मागं बघणारे शफीसर

शफीसरांच्या शेजारी बसून मी वाटूरला जायचे तेव्हा माझा जीव कायम मुठीत असायचा. ते काही भरधाव चालवत नव्हते हो. उलट इतकं जपून चालवायचे, इतक्यांदा मान वळवून इकडंतिकडं बघायचे, की आपल्या मागावर कोणीतरी आहे असं मलाच वाटायला लागायचं. मी तर जन्माची भित्री. भिंतीवर पाल दिसली तर शेजारणीला हाक मारणारी बाई मी. त्यात हा असा सारथी.

आम्ही तिघं अप-डाऊनवाले. मराठवाड्यातल्या मास्तराला अप-डाऊन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. शाळा खेड्यात, बिऱ्हाड जालन्यात, आणि कागदोपत्री आपण गावातच खोली घेऊन राहतो. मी मराठीची जाधवबाई, शफीसर विज्ञानाचे, आणि मागच्या सीटवर चित्रकलेचे डोईफोडेसर. डोईफोडेसर गाडीत बसले की मान टाकायचे, ते थेट वाटूर फाट्यावर डोळे उघडायचे. "आलं का?" एवढंच बोलायचे. इतका निर्धास्त माणूस मी दुसरा बघितला नाही.

गाडी शफीसरांची, पांढरी मारुती. तिला त्यांनी ट्रकवाल्यांकडचे गोल आरसे जास्तीचे लावून घेतले होते, दोन्ही बाजूंना. एक आत. एवढे आरसे असूनही त्यांची मान काही थांबायची नाही. आणि तोंडानं सारखं चालू, "सहा वाजता कापसाचा ट्रॅक्टर. तीन वाजता मोटरसायकल. डबल सीट." घड्याळाचं तोंड आपल्या समोर आडवं ठेवलंय असं समजायचं, बारा म्हणजे नाकासमोर, तीन म्हणजे उजवा हात, सहा म्हणजे पाठ. ही वैमानिकांची भाषा. मला ती आधी कळायची नाही, मी आपली मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचे.

वर्गातसुद्धा तेच. फळ्यावर लिहिता लिहिता गर्रकन मागं वळायचे. पोरं त्यांना घुबडसर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. "घुबड हुशार असतंय बाई," ते म्हणायचे, "त्याच्या मागून कोणी येऊ शकत न्हाई."

हे सगळं आलं कुठून, ते मला एका रविवारी कळलं. आमची घरं एकाच कॉलनीत, मध्ये फक्त एक भिंत. सरांच्या बायकोकडं, रजियाभाभींकडं, मी शिवायला टाकलेला ब्लाऊज आणायला गेले, तर आतल्या खोलीतून सरांचा आवाज, "या अल्ला, आला, आला, आला!" मला वाटलं साप निघाला. मी दारातच थिजले. भाभी शांतपणे म्हणाल्या, "साप कुठला बाई? विमान आहे."

आत शफीसर बनियनवर, कॉम्प्युटरसमोर, घामानं थबथबलेले. हातात विमानाच्या दांड्यासारखी जॉयस्टिक. पडद्यावर आभाळ, आणि त्या आभाळात गरागरा फिरणारी जमीन. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचं, आणि जगभरातली माणसं एकाच आभाळात आपापली विमानं घेऊन एकमेकांच्या मागं लागायची. महायुद्धातली, पंख्याची, जुनी विमानं.

"कोण लागलंय मागं?" मी विचारलं.

"काय माहीत. कोणी जर्मनीतला असंल. चांगला हाय. लई चांगला हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. मी त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी. कोण कुठला माणूस, तो जालन्यातल्या एका मास्तराला मारायला निघालाय आणि तो दिसतसुद्धा नाही. मग सरांनी अचानक दांडा पोटाशी ओढला, आभाळ आडवं झालं, आणि एक काळं विमान आमच्या शेजारून सूं करून पुढं निघून गेलं. आता सरांनी गोळी घालायची ना? घातली नाही. दुसरीकडं तोंड करून निघून आले.

"मारलं का नाही?"

"मारायला कोण बसलंय? वाचलो, झालं."

हा त्यांचा सगळा खेळ. हल्ला नाही, शिकार नाही. फक्त वाचायचं. त्या आभाळात प्रत्येकाला एक नाव घ्यावं लागायचं. बाकीचे वाघ, ससाणा, मृत्यू असली नावं घ्यायचे. शफीसरांनी इंग्रजी अक्षरांत 'भित्रा' असं नाव घेतलं होतं. परदेशातल्या लोकांना वाटायचं, हिंदुस्थानातला कुठला तरी शूर योद्धा असेल.

मी घाबरले हे बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला शिकवायचंच मनावर घेतलं. "बाई, तुम्ही भित्र्या हाव, हे लई चांगलं. बहाद्दर माणूस पुढं बघतो आन् मागून मरतो." आमच्याकडं नुकताच कॉम्प्युटर आला होता, त्यात त्यांनी स्वतः सगळं बसवून दिलं. आमचे हे म्हणाले, "चाळिशीच्या बाईला हे काय सुचलं?" पण मला गोडी लागली खरी. भीतीला काहीतरी काम मिळालं म्हणायचं.

शिकवायचे मात्र शाळेत शिकवायचे त्याच्यापेक्षा चांगलं. "मागं दिसला की पहिलं काय करावंसं वाटतं?"

"पळावंसं."

"सरळ पळालात की मेलात. त्याला नेम धरायला तेच पाहिजे. मंग काय करायचं? तो ज्या बाजूनं आलाय त्याच बाजूला वळायचं. त्याच्या अंगावर."

"अंगावर? मी?"

"लवकर न्हाई हां. लांब असताना वळलात तर तो आरामात आपल्या वळणाच्या आत घुसतो. जवळ येऊ द्यायचा. आता मारतोच, असं वाटलं की करकचून वळायचं. त्याचा वेगच त्याला पुढं घेऊन जातो." मग बोट वर करून, "पण हे सगळं कवा? तो दिसला तर. दिसलाच न्हाई तर कसलं वळणं आन् कसलं काय. म्हणून मान फिरवा."

तो जवळ येईपर्यंतची वाट बघणं, ते मला कधी सोसलं नाही. मी दरवेळी लवकर वळायचे आणि मरायचे. मेल्यावर हुश्श वाटायचं.

त्या आभाळात सरांची एक बदनामीही झाली होती. आमच्याकडं लोडशेडिंग. ऐन लढाईत लाईट जायची, आणि सरांचं विमान समोरच्याच्या डोळ्यादेखत नाहीसं व्हायचं. तिकडं हा मोठा गुन्हा. हरायला लागलं की तार उपटून पळणारा, असं लोकांना वाटायचं. वाटेल ते लिहून पाठवायचे. सरांना ते फार लागलं. त्यांनी एकेकाला लांबलचक इंग्रजीत समजावलं, की महोदय, आमच्या गावात वीज ठरलेल्या वेळी जाते. कोणी विश्वास ठेवीना. ठरलेल्या वेळी वीज जाते ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. मग सरांनी काय करावं? लाईट जायच्या आधी ते सगळ्यांना लिहून कळवायला लागले, "थोड्या वेळात आमची वीज जाईल. ज्यांना मला मारायचं असेल त्यांनी कृपया आत्ताच यावं." आणि खरंच वर जाऊन एका जागी घिरट्या घालत बसायचे.

एकदा त्यांनी असं लिहिल्यावर एक विमान आलं, पण त्यानं गोळी घातली नाही. शेजारी उडत राहिलं, आणि सर धावपट्टीवर उतरेपर्यंत वरून राखण करत राहिलं. सर उतरले आणि लाईट गेली. अंधारात ते कितीतरी वेळ तसेच खुर्चीत बसले होते, असं भाभी सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी गाडीत मला म्हणाले, "बाई, कोण होता तो, काय माहीत. मला त्याला चहा पाजायचाय."

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता पुढचं सांगते.

कापसाचे दिवस होते. सकाळी वाटूरकडं निघालो, मंठ्याच्या रस्त्याला. डावीकडच्या शेतातल्या वाटेवरून एक बैलगाडी रस्त्यावर येत होती, वर बाई बसलेली, कडेला लेकरू. मी ती लांबूनच बघितली. मला वाटलं सर आता ब्रेक दाबतील. त्यांची मान त्यांच्या सवयीनं उजवीकडं गेली, आरशाकडं गेली, समोर आली. गाडी तशीच चाललेली. बैलाचं शिंग माझ्या खिडकीजवळ आलं तेव्हा मी किंचाळले. सरांनी ब्रेक मारला, गाडी तिरकी झाली, बैल बुजले, ती बाई वरून शिव्या द्यायला लागली. लेकराला काही झालं नाही. अल्लाची आणि पांडुरंगाची दोघांचीही कृपा.

"दिसली होती मला," सर म्हणाले.

डोईफोडेसर मागून म्हणाले, "आलं का?"

 दिवसभर फळ्यावर अक्षर निघेना. दिसली होती तर दाबला का नाही ब्रेक? आणि दिसली नव्हती, तर का नाही? धुकं नव्हतं, रस्ता मोकळा होता. बैलगाडी काय मुंगी आहे?

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं गेले होते. सर उडत होते, मी शेजारी स्टुलावर. पडद्याच्या डाव्या कडेला एक विमान आलं. चांगलं मोठं, त्याचे पंख मोजता यावेत एवढं. सर समोर बघत राहिले.

"सर, डावीकडं."

"कुठं?"

"अहो, हे काय!" मी काचेवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे तरीही लगेच बोटावर आले नाहीत. आधी भलतीकडं गेले, मग डोकं वळवून त्यांनी माझं बोट शोधलं. हो, शोधलं. हातभर अंतरावरच्या पडद्यावर ते माझं बोट शोधत होते. तेवढ्यात पडदा लाल झाला. मेलो.

"आज लाईन स्लो हाय," सर म्हणाले.

 एकेक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर यायला लागली. ते जास्तीचे आरसे. मान सारखी फिरवणं. चहाचा कप उचलताना आधी टेबल चाचपणं. डोळ्यांत टाकायची ती बाटली, "धुळीचा त्रास हाय" म्हणून. आम्ही सगळे हसत होतो की विमानांच्या नादानं मास्तरला मान फिरवायचं वेड लागलं. त्या माणसाला बाजूचं दिसतच नव्हतं, म्हणून तो मान फिरवत होता. आणि त्याच्या गाडीत रोज मी बसत होते. रस्त्यावर लेकरं होती.

घरी येऊन मी ह्यांना काहीच बोलले नाही. सकाळी ताप आलाय म्हणून घरी राहिले, आणि गाडी कॉलनीतून बाहेर गेल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत देवघरासमोर बसून राहिले. मागच्या सीटवर डोईफोडे झोपलेला असणार. ते आठवून मला रडू यायला लागलं. सरांना तोंडावर विचारायची हिंमत होईना. विचारलं असतं तर त्यांनी "दिसली होती मला" असंच म्हटलं असतं. मास्तर माणूस, बोलण्यात कुठला सापडतोय. पुरावा दाखवल्याशिवाय ऐकणारा नव्हता, आणि तो दाखवायची एकच जागा होती.

रविवारी दुपारी मी माझ्या घरातून त्या आभाळात शिरले. नाव वेगळं घेतलं. 'भित्रा' नदीवर घिरट्या घालत होता, नेहमीसारखा, मान फिरवत असणार. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या मागावर निघाले होते.  डावीकडून, जरा वरून, हळूहळू गेले. वळा हो सर, मी मनात म्हणत होते. बघा ना इकडं. तुम्ही मला एवढं शिकवलंत, मी काय अशी फुकट येऊ देणार आहे का कोणाला? वळा, आणि मला पाडा.

ते वळले नाहीत. मी त्यांच्या पंखाशेजारी पंख आणून उडायला लागले. त्यांच्या पडद्याचा डावा भाग माझ्या विमानानं भरलेला असणार. तरी ते सरळच चालले होते. भिंतीपलीकडं तो माणूस बसलेला होता, आणि मी त्याच्या शेजारी आहे हे त्याला माहीत नव्हतं. इतकी भीती मला त्या बैलगाडीचीही वाटली नव्हती.

मग मी लिहिलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, "सर, मी जाधवबाई. मी तुमच्या डावीकडं आहे."

त्यांचं विमान तसंच सरळ उडत राहिलं.  मग उत्तर आलं, "केव्हापासून?"

"बराच वेळ झाला."

 आणि मग त्यांनी लिहिलं, "आत्ता लाईट गेली तर बरं होईल."

त्या दिवशी लाईट गेली नाही.

संध्याकाळी सर आमच्या दारात आले. रजियाभाभींना न सांगता. आत येताना उंबऱ्याला पाय लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी नीट बघून घेतलं.

"काचबिंदू हाय," म्हणाले. "औरंगाबादला दाखवलं. दोन्ही डोळ्यांना. बाजूचं गेल्तं तवाच गेलो दवाखान्यात. गेलेलं परत येत न्हाई म्हणतात. राह्यलेलं किती राहील, तेबी सांगता येत न्हाई. माझ्या अब्बाला हेच झाल्तं. गावाकडं, तीर्थपुरीला, ओट्यावर बसून राह्यचे. कोणी हात धरल्याशिवाय उठायचे न्हाई. मी धाकला होतो, मीच धरायचो."

"आणि ते विमान?"

"तेच तर. रोज बघायचो बाई. मागचा दिसला, वाचलो, म्हणजे डोळे अजून हायेत. मेलो, तर म्हणायचो लाईन स्लो होती."

मला खरं तर त्यांची दया यायला हवी होती. आला राग. "मग गाडी कशाला चालवत होतात सर? मागं तो डोईफोडे तुमच्या भरवशावर घोरत पडलेला असतो! ती बाई, तिचं लेकरू! काही झालं असतं तर?"

 "गाडी सोडली म्हणजे मान्य केल्यासारखं होतं ना," ते म्हणाले.

मग खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "उद्यापासून तुम्ही चालवा."

"मी? मला स्कूटीसुद्धा येत नाही!"

"शिकवतो ना. तुम्ही भित्र्या हाव, तुम्हीच बराबर चालवाल. तवर एसटीनं जाऊ."

त्यांनी शिकवलं. ते डावीकडं, मी उजवीकडं, आणि माझं लायसन येईपर्यंत कॉलनीतल्या मोकळ्या मैदानात फेऱ्या. पहिल्यांदा वाटूरला गाडी नेली त्या दिवशी डोईफोडेसर जागे झाले. त्यानंतर ते गाडीत कधीच झोपले नाहीत. मागच्या सीटवरून दोन्ही हातांनी माझी सीट धरून बसायचे आणि फाटा आला की "आलं बुवा" म्हणायचे.

सरांचं दिसणं थेंबाथेंबानं कमी होत गेलं. विमान त्यांनी बंद केलं, कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकला. गाडीत विचारायचे, "तीन वाजता काय हाय?" मी सांगायचे, वीटभट्टी. "नऊ वाजता?" ऊस, सर, तोडणी चाललीय. वर्गातलं पोरगं हात वर करून उभं आहे हे दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जालन्यातलं बिऱ्हाड मोडून तीर्थपुरीला, वडिलांच्या घरी राहायचं ठरलं. भाभी सामानाच्या टेम्पोबरोबर पुढं गेल्या. सरांना सोडायला मी निघाले, त्यांच्याच गाडीतून.

अंबडवरून गेलो. रस्ताभर ते काही विचारत नव्हते, म्हणून मीच सांगत गेले. तीर्थपुरीत घरासमोर गाडी थांबवली. लहानसं घर, पुढं दगडी ओटा. भाभी आत असाव्यात, भांड्यांचे आवाज येत होते.

"सर, आलं."

"माहीत हाय." पण ते उतरले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर तोंड करून बसले. मग म्हणाले, "बाई, लई भीती वाटून राह्यली."

आभाळातली भीती ते मिरवायचे. ह्या भीतीबद्दल इतक्या वर्षांत एकदाही बोलले नव्हते. मी काय सांगणार होते त्यांना? होईल सगळं नीट, असं? ते होणार नव्हतं, दोघांनाही माहीत होतं.

"मलाही वाटतेय, सर."

ते हसले. "तुम्हाला कवा वाटत नव्हती?"

मग दार उघडून म्हणाले, "भाभीला हाक मारू नका. मी जातो एकटा. गाडी बंद करू नका फक्त. आवाज राहू द्या."

ते निघाले. हात जरा पुढं धरलेला. ओट्याच्या दगडाला पाय लागला तसे थांबले, वाकून दगड चाचपला, आणि वर चढून बसले. रस्त्याकडं तोंड करून बसले. मग मला निघा म्हणून त्यांनी हात वर केला.

माझा हात गिअरवर होता. निघाले असते तर गाडी लांब जाताना त्यांना ऐकू येणार होती. बंद केली असती तर मी आहे हे त्यांना कळणार नव्हतं. मी इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिले. ओट्यावर शफीसरांनी हात वर धरलेला होता, आणि तो त्यांनी खाली घेतला नाही.